राष्ट्रपतिपदाची निवडणूक कधी निर्णायक ठरते? बंगळुरू, १९६९

बंगळुरूच्या लालबाग उद्यानातील ग्लास हाऊस आज ओळखले जाते ते प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांमुळे. जुलै १९६९ मध्ये याच वास्तूत अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले होते. चर्चेचा विषय आर्थिक धोरण हा होता. मात्र इतिहासात या अधिवेशनाची नोंद झाली ती राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून सत्ताधारी पक्षात पडलेल्या दरीमुळे. राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असतील, तर त्या पदासाठी पक्ष दुभंगण्यापर्यंत वेळ का यावी?

राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. पदावर असताना मृत्यू पावलेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी हंगामी राष्ट्रपती म्हणून सूत्रे हाती घेतली आणि नव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली. काँग्रेसमधील ज्येष्ठांच्या गटाने, म्हणजेच ‘सिंडिकेट’ने, लोकसभेचे अध्यक्ष नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांची पसंती जगजीवनराम यांना होती. १२ जुलै रोजी बंगळुरूत पक्षाच्या संसदीय मंडळाने बहुमताने रेड्डी यांची निवड केली. पंतप्रधानांच्या विरोधात मत देणाऱ्यांत मोरारजी देसाई, कामराज आणि मुंबईचे स. का. पाटील होतेच; गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनीही रेड्डी यांनाच कौल दिला. पुढे पक्ष फुटल्यावर चव्हाण इंदिरा गांधींसोबत राहिले, परंतु त्या मताची आठवण त्यांच्या राजकीय चरित्रात कायम राहिली.

या संघर्षाचे मूळ राज्यघटनेच्या रचनेत आहे. कलम ७५ नुसार पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. कोणाला बोलवावे, याचा निकष त्या कलमात नाही. एका पक्षाकडे स्पष्ट बहुमत असेल तेव्हा हा प्रश्न उद्भवतच नाही. परंतु १९६७ च्या निवडणुकीत ५२० पैकी अवघ्या २८३ जागा मिळवलेल्या काँग्रेसमधून काही डझन खासदार बाजूला झाले असते, तर निर्णय राष्ट्रपतींच्या विवेकावर आला असता. शिवाय मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक असल्याचे घटनेत त्या वेळी स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. राष्ट्रपती भवनात कोण असेल, याची चिंता दोन्ही गटांना होती ती यामुळे.

बंगळुरूहून परतल्यावर घटना वेगाने घडल्या. १६ जुलै रोजी मोरारजींकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलै रोजी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. संसदेचे अधिवेशन अवघ्या दोन दिवसांवर होते. अध्यादेशावर स्वाक्षरी होती हंगामी राष्ट्रपती गिरी यांची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडले आणि अपक्ष म्हणून ते रिंगणात उतरले. राष्ट्रपती व उपराष्ट्रपती ही दोन्ही पदे रिक्त झाल्यास काय, याची तरतूद संसदेने नुकतीच मे महिन्यात कायद्याने केली होती. त्यानुसार सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी महिनाभर राष्ट्रपतिपदाचा कार्यभार सांभाळला. बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती देण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये रद्दबातल ठरवला. त्या खंडपीठात अर्थातच ते नव्हते.

रेड्डी यांच्या उमेदवारी अर्जावर स्वतः इंदिरा गांधींची स्वाक्षरी होती. तरीही त्यांनी पक्षादेश काढण्यास नकार दिला आणि खासदार-आमदारांना सद्सद्विवेकबुद्धीने मतदान करण्यास सांगितले. १६ ऑगस्टला मतदान झाले. २० ऑगस्टच्या मतमोजणीत पहिल्या पसंतीच्या मतांचे मूल्य असे होते : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे हे देशमुख या वेळी स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर उभे होते. विजयासाठी ४,१८,१६९ मतांची गरज होती. कोणीही तेथवर न पोहोचल्याने मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंती मोजण्यात आल्या. देशमुखांची बहुतेक मते रेड्डी यांच्याकडे वळली आणि जवळपास ८८ हजारांची आघाडी १४,६५० वर आली. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा फरकाने निवडून आले. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीच्या मतांनी निकाल लागण्याचा हा एकमेव प्रसंग होय.

नोव्हेंबरमध्ये पक्ष फुटला आणि इंदिरा गांधींचे अल्पमतातील सरकार डावे पक्ष व द्रमुक यांच्या आधारावर चालू राहिले. निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले, तेव्हा गिरी यांनी पदावर असतानाच न्यायालयात जाऊन साक्ष दिली. याचिका फेटाळली गेली. ज्या पदाधिकाऱ्याने सरकारला प्रसंगी थांबवावे अशी अपेक्षा असते, त्याची निवडच पंतप्रधानांच्या बळाची कसोटी बनावी, ही गोष्ट संसदीय पद्धतीला निकोप म्हणता येत नाही. जून १९७५ मध्ये फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने सल्ला फेरविचारासाठी एकदा परत पाठवण्याची मुभा दिली आणि आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य केला.

पंतप्रधान कोणाला नेमावे, हा प्रश्न मात्र या दुरुस्त्यांनी सोडवला नाही. १९७७ मध्ये रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले, आणि दोनच वर्षांनी बंगळुरूतील जुनी मंडळी त्यांच्यासमोर पुन्हा उभी राहिली. जुलै १९७९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांनी मांडलेल्या अविश्वास ठरावानंतर मोरारजी देसाई यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. रेड्डी यांनी प्रथम चव्हाणांना पाचारण केले. त्यांना बहुमत जमवता आले नाही. त्यानंतर चरणसिंह यांना शपथ देण्यात आली. लोकसभेला सामोरे न जाताच त्यांनी राजीनामा देऊन सभागृह विसर्जित करण्याचा सल्ला दिला. त्या वेळी जगजीवनराम सरकार स्थापनेचा दावा करत होते. रेड्डी यांनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्ट रोजी लोकसभा विसर्जित केली. यात घटनेचे उल्लंघन झाले असे म्हणता येत नाही. पण दुसरी व्यक्ती त्या पदावर असती तर निर्णय वेगळा झाला असता, हेही तितकेच खरे.

नीलम संजीव रेड्डी यांचे १ जून १९९६ रोजी बंगळुरूत निधन झाले. त्या वर्षीही लोकसभा त्रिशंकू होती. राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांना आधी बोलावले होते आणि ते सरकार १३ दिवसांत गेले होते. रेड्डी यांच्या निधनाच्याच दिवशी कर्नाटकाचे मुख्यमंत्री एच. डी. देवेगौडा यांनी दिल्लीत पंतप्रधानपदाची शपथ घेतली.