दुखापतीचं मैदान : लेखांक ३
कुणीही न पाडता पडलेले

मागच्या आठवड्यात टॅकलबद्दल लिहिलं. टॅकल सगळ्यांना दिसतो, पंच शिट्टी फुंकतात, कार्ड निघतं. पण व्यावसायिक पुरुष फुटबॉलमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या दुखापतीत बहुतेकदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. भरधाव पळणारा खेळाडू मध्येच लंगडतो, हात मांडीच्या मागे जातो. जाणकार म्हणतात, ‘हॅमस्ट्रिंग गेली.’

सप्टेंबर २०१७. उस्मान डेम्बेले वीस वर्षांचा. बार्सिलोनाने नुकतेच त्याच्यासाठी १०५ दशलक्ष युरो मोजले होते. हेताफेविरुद्ध बाहेर जाणारा चेंडू टाचेने आत ढकलायला तो धावला आणि डाव्या मांडीचा कंडराच फाटला. शस्त्रक्रिया झाली. जानेवारीत तो परतला आणि काही दिवसांतच पुन्हा मांडीच्या स्नायूने दगा दिला. (२०२५चा बॅलन डी’ओर त्यालाच मिळाला, पण मधली वर्षं फार खडतर गेली.)

मांडीच्या मागे तीन स्नायू असतात; त्यांनाच हॅमस्ट्रिंग म्हणतात. पूर्ण वेगात पाय पुढे झेपावतो तेव्हा, पाऊल टेकण्याच्या किंचित आधी, नडगीला आवर घालण्याचं काम त्यांच्याकडे असतं. म्हणजे ताणलं जात असतानाच जोर लावायचा. स्नायूसाठी याहून अवघड काम नाही. तिघांतला बाहेरच्या बाजूचा सर्वांत जास्त वेळा फाटतो.

युरोपातल्या बड्या क्लबांच्या दुखापतींची नोंद २००१पासून ठेवली जाते. पहिल्या हंगामात एकूण दुखापतींपैकी हॅमस्ट्रिंगच्या १२ टक्के होत्या, २०२१-२२मध्ये २४ टक्के. खेळाचा वेग वाढला, प्रेसिंग आलं, स्प्रिंट वाढले. सामनेही वाढले : चॅम्पियन्स लीगचा पहिला टप्पा २०२४पासून सहाऐवजी आठ सामन्यांचा झाला, आणि २०२५च्या उन्हाळ्याची सुट्टी ३२ संघांच्या क्लब वर्ल्ड कपने खाल्ली.

थकलेला खेळाडू कमी पळत असेल, असं आपल्याला वाटतं. चॅम्पियन्स लीग खेळणाऱ्या एका संघाचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच दिसलं. आठवड्यात दोन सामने खेळल्यावरही धावलेलं अंतर आणि स्प्रिंट जवळपास तेवढेच होते. दुखापतींचं प्रमाण मात्र सहापट. स्क्रीनवरचे आकडे ठणठणीत दिसतात, म्हणून प्रशिक्षक त्याला पुन्हा उतरवतो. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोक्याची गोष्ट हीच वाटते.

उपाय अगदी साधा आहे. गुडघ्यांवर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकत जायचं. याला ‘नॉर्डिक’ म्हणतात. डेन्मार्कमध्ये ९४२ खेळाडूंवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११मध्ये आले : या व्यायामाने नव्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्या. तरीही काही वर्षांनी चौकशी केली तेव्हा बहुतेक बड्या क्लबांत तो नीट होतच नव्हता. जिथे फिजिओ आहेत, बर्फाचे टब आहेत, तिथे!

यात आळसाचा भाग असेलही, पण एक व्यावहारिक अडचण आहे. सवय नसेल तर नॉर्डिकनंतर मांड्या एक-दोन दिवस चांगल्याच दुखतात. रविवारी सामना, बुधवारी सामना, शनिवारी पुन्हा सामना; मांड्या दुखवून घ्यायच्या कोणत्या दिवशी? ज्या वेळापत्रकाने स्नायू फाटतात, त्यातच ते बळकट करायला जागा उरत नाही.

(पुढील आठवड्यात : महिला फुटबॉलपटूंचे गुडघे)