मिशिगन : हप्ता कुठे कापावा?

अमेरिकेत गाडीचा विमा सर्वांत महाग पडणाऱ्या राज्यांत मिशिगनचं नाव वर्षानुवर्षं आहे. मोठं कारण म्हणजे, अपघात कुणाच्याही चुकीने होवो, जखमीच्या उपचारांचा अमर्याद, गरज पडल्यास आयुष्यभराचा खर्च विम्यातून उचलण्याची सक्ती होती. २ जुलै २०२०पासून या उपचार-खर्चाची मर्यादा ग्राहक निवडतो : अमर्याद, ५ लाख किंवा अडीच लाख डॉलर, मेडिकेड-मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनांच्या लाभार्थींना अटींसह याहूनही कमी. मर्यादा घटवली की हप्ता घटतो, पण मेंदूला किंवा मणक्याला मार बसला तर अडीच लाख भराभर संपतात. इथे काटकसर नकोच. त्यापेक्षा कर्ज फिटलेल्या जुन्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण सोडा, आणि सारख्याच अटींवर तीन-चार कंपन्यांचे दर मागवा.