घराचा ताप आणि एक गुणाकार

घराच्या उष्णतेचें गणित मांडावयास प्रत्येक विटेचा हिशेब नको. १७०१ सालीं न्यूटननें सांगितलें कीं, निवण्याचा वेग आंतबाहेरच्या फरकाच्या प्रमाणांत असतो. त्यावरून दोनच आंकडे पुरतात: भिंती उष्णता किती सांठवितात आणि तिला किती अडवितात. त्यांचा गुणाकार म्हणजे घराचा काल. तो १० तास असेल व बाहेरचें उष्णतामान स्थिर राहील, तर १० अंशांचा फरक तेवढ्या वेळांत सुमारें ३.७ अंशांवर येतो. पत्र्याच्या खोलीचा काल अल्प. ती दुपारीं भाजते, रात्रीं लवकर निवते. जाड दगडी घर दुपारीं थंड, रात्रीं मात्र ऊब सोडतें. म्हणून त्याच्या खिडक्या दुपारीं बंद, रात्रीं उघड्या हव्यात. हा गुणाकार पाया खणण्यापूर्वीं करावा. मागाहून झोंप मोडते ती राहणाराची!