मुलांना मधमाशी दाखवायची कशी?

आज समोर पालक आहेत, शिक्षक आहेत, मागच्या रांगेत काही आजी-आजोबाही दिसताहेत. मुलांना मधमाशीची ओळख कशी करून द्यायची आणि मुळात का करून द्यायची, एवढाच आजचा विषय. दिसायला लहान आहे, पण तितका लहान नाही.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत मधमाशीबद्दलचे दोन भाव शेजारी शेजारी नांदतात. एकीकडे 'मोहोळ उठलं' असं आपण म्हणतो, म्हणजे आता पळा! दुसरीकडे 'माधुकरी' हा शब्द आहे. मधुकर जसा प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेतो, कुठल्याच फुलाला जड होत नाही, तसं विद्यार्थ्यानं चार घरी जाऊन थोडं थोडं अन्न मागायचं, ती माधुकरी. एक शब्द भीतीचा, एक आदराचा. आज शहरातल्या मुलाच्या वाट्याला यातला पहिलाच येतो.

सोसायटीच्या गच्चीखाली पोळं लागतं. सभा भरते, फवारणीवाल्याला बोलावलं जातं आणि सकाळी खाली मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला असतो. शाळेत जाणारी मुलं तो ओलांडून जातात. कोणी काही बोललं नाही तरी तो धडाच असतो, बरं का. आणि असा धडा पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

भीती खोटी आहे असं आमचं म्हणणं नाही. उंच इमारतींना, कड्यांना, मोठ्या झाडांना एकच भलंमोठं उघडं पोळं लटकतं ते आग्या माशीचं. तिला डिवचलं तर जिवावर बेतू शकतं. पण सगळ्या माश्या आग्या नसतात. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते; तिला पेटीत पाळता येतं. फुलोरी माशी झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करते. मुलाला ही नावं सांगितली की 'माशी चावते' या एका वाक्याचे तुकडे पडतात. कोणती माशी, कुठे, कधी, असे प्रश्न सुरू होतात. भीतीची जागा सावधपणा घेतो. ज्ञानाची सुरुवात अशीच होते.

आता महत्त्वाचं. मधमाशी कशासाठी हवी, असं विचारलं की मूल म्हणतं, 'मधासाठी.' ते चूक नाही, पण मध ही त्यातली लहान गोष्ट आहे. एक कामकरी माशी सगळ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा भाग मध तयार करते. मोठी गोष्ट आहे परागीभवनाची. कांद्याचंच उदाहरण घ्या. बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याला पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. त्या प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि मादीभाग नंतर. म्हणजे फुलाला स्वतःचाच पराग वेळेवर मिळत नाही. तो दुसऱ्या फुलावरून कोणीतरी आणून द्यावा लागतो. हे काम मुख्यतः माश्या करतात. माश्या आल्या नाहीत तर बी कमी धरतं. काकडी, भोपळा, सूर्यफूल यांचीही गोष्ट साधारण अशीच आहे.

पण इथेच थांबलो तर आपण मुलाला फक्त हिशेब शिकवला असं होईल. 'आपल्या उपयोगाची, म्हणून तिला जपायचं.' मग जी उपयोगाची नाही तिचं काय? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारत आलो. बृहदारण्यक उपनिषदात मधुविद्या आहे. तिचा आशय थोडक्यात असा: ही पृथ्वी सर्व भूतांचा मध आहे आणि सर्व भूतं पृथ्वीचा मध आहेत. उपयोग एकाच बाजूनं नाही, देणंघेणं दोन्हीकडून आहे. हे आठ वर्षांच्या मुलालाही कळतं, फक्त त्याला उपनिषद सांगू नका. त्याला फूल दाखवा. माशी फुलाकडून मकरंद घेते आणि फुलाचं काम करून जाते. तिला ते ठाऊकही नसतं.

मग दाखवायचं कसं? अगदी सोपं आहे. कुंडीतल्या तुळशीला मंजिऱ्या आल्या की सकाळच्या उन्हात मुलाला घेऊन दोन हात अंतरावर बसा. हात हलवायचा नाही, फुंकर मारायची नाही. दहा मिनिटं नुसतं बघायचं. एक माशी किती मंजिऱ्यांवर बसली? मागच्या पायांवर पिवळी गोळी दिसते का? तो गोळा केलेला पराग. पोळ्याजवळ मात्र जायचं नाही, दगड तर नाहीच नाही. माशीनं डंख मारलाच तर काटा लगेच नखानं खरवडून काढायचा. श्वास लागला, चेहरा सुजला तर थेट दवाखाना.

नंतर घरी गोष्ट सांगा. कार्ल फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञानं अशीच वर्षानुवर्षं माश्या बघितल्या. फुलं सापडलेली माशी अंधाऱ्या पोळ्यावर नाचून इतरांना दिशा आणि अंतर सांगते, हे त्यांनी उलगडलं. 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. मुलाला नाचून दाखवा, लाजू नका! सरळ वर धावलं की सूर्याच्या दिशेनं, तिरपं धावलं की तितक्याच कोनात सूर्याच्या बाजूला.

असं दहा-वीस वेळा बघितलेलं मूल उद्या सोसायटीच्या सभेत बसणार आहे. गच्चीखालच्या पोळ्याचा विषय तेव्हाही निघेल. आग्या माश्या हंगामानुसार जागा बदलतात, थोडं थांबलं तर पुष्कळदा आपणच निघून जातात. थांबणं शक्यच नसेल तर माश्या न मारता पोळं हलवणारे जाणकार असतात. हे त्या सभेत कोणीतरी उठून सांगावं लागेल. ते कोण सांगेल, हे आपण मुलांना आज काय दाखवतो त्यावर ठरेल.