टाकीवर लेकरू बसतं, म्हणून...

रमजान ईदच्या सकाळी नमाजहून आल्यावर अब्बांनी येझदीला किक मारली आणि नेहमीसारखं नातीला पुढे टाकीवर बसवलं. मिरजेहून सांगलीला फुफीकडे जायचं होतं, जेमतेम दहा किलोमीटर. फुफीच्या दारात पोरीला उतरवलं तेव्हा तिच्या नव्या सलवारीचा पायाकडचा भाग ओला झालेला होता. वास पेट्रोलचा. टाकीच्या खालच्या कडेला, जोडाजवळ, सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं होतं आणि त्यातून थेंब थेंब पाझरत होता. छिद्राच्या वीतभर खाली तापलेलं इंजिन!

त्या दिवशी काही झालं नाही, हा अल्लाहचा फजल. अब्बा मात्र शिरखुर्म्याची वाटी हातात धरून बराच वेळ गप्प बसले होते. गाडी तिथेच ठेवून आम्ही सगळे बसने परत आलो.

या एका छिद्रापासून सुरू झालेलं काम आम्हा दोघा भावांना वर्षाहून जास्त पुरलं. आमच्यातला थोरला पुण्याकडे पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात आठ वर्षं होता, धाकटा मिरजेतच गॅरेज चालवतो. जुन्या गाडीसाठी कार्बन फायबरची टाकी घरी बनवता येते का, असं आता बरीच पोरं विचारायला येतात. बनवता येते. पण कशी बनवावी यापेक्षा कुठे चुकते हे आम्हाला जास्त नीट सांगता येईल.

म्हैसूरची गाडी आणि गंजलेला पत्रा

येझदी आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीची गाडी. १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा कंपनी उभी राहिली. चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या ती आपल्याकडे बनवू लागली आणि पुढे १९७३ पासून त्याच गाड्या येझदी नावाने निघाल्या. आमची आहे ती रोडकिंग. हे मॉडेल १९७८ साली आलं आणि १९९६ साली कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिलं. एकच दांडा किकचाही आणि गिअरचाही, दोन सायलेन्सर, आणि टू-स्ट्रोक इंजिन असल्यामुळे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. हे सगळं आम्ही चालायला शिकण्याआधी शिकलो.

पोलादी पत्रा आतून गंजतो. टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन बुडाशी बसते, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाण्याचं प्रमाण फार वाढलं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला साचतं. रोज फिरणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास नाही. आठवड्याला एकदा निघणाऱ्या गाडीची टाकी मात्र हळूहळू कुजते.

आधी आम्ही सरळ मार्ग धरला. टाकी उतरवली, धुतली, ब्रेझिंग करून घेतलं. इथे एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पेट्रोल संपतं, वाफ उरते, आणि स्फोट वाफेचा होतो. नीट धुऊन वाफ पूर्ण काढल्याशिवाय कुठल्याही टाकीला आगीजवळ नेऊ नये.

एक छिद्र बुजलं, दोन महिन्यांत शेजारी दुसरं पडलं. पत्राच पातळ झाला होता. जुन्या बाजारात ज्या टाक्या मिळाल्या त्या आमच्या टाकीहून बऱ्या नव्हत्या. मग थोरला म्हणाला, "पवनचक्कीची पाती करतो, तर टाकी का होणार नाही?"

काळं कापड म्हणजे काय?

कार्बन फायबर म्हटलं की विमानं आणि शर्यतीच्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. ते खरंच आहे. १९८१ साली मॅक्लारेनने फॉर्म्युला वनच्या मोटारीचा सांगाडा कार्बन फायबरचा केला आणि मग सगळे त्या वाटेने गेले. पण हे कापड आपल्या घराला इतकं परकं नाही. अम्मी ज्या अॅक्रिलिक लोकरीचे स्वेटर विणते, त्याच जातीच्या धाग्यापासून बहुतेक कार्बन फायबर बनतं. तो धागा आधी हवेत तापवून पक्का करतात, मग हवा लागू न देता हजार अंशांच्या वर भाजतात. बाकीचं उडून जातं, कार्बनची बारीक तार उरते. एक तार माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी. हजारो तारांचा एक पेड, आणि त्या पेडांचं विणलेलं कापड.

नुसतं कापड कापडासारखंच लोंबतं. त्याला रेझिन पाजलं आणि ते घट्ट झालं की ताकद येते. ओढ सोसतं ते कापड आणि आकार धरतं ते रेझिन. टाकीच्या बाबतीत एक गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती आम्ही उशिरा शिकलो. पेट्रोल अडवतं ते रेझिन, कापड नव्हे. बघणाऱ्याची नजर काळ्या विणीवर जाते, पण खरं काम न दिसणाऱ्या थराचं असतं.

पहिली टाकी

जुनी टाकीच आमचा नमुना झाली. पोचे पुट्टीने भरले, पॉलिश पेपर मारला, रंग दिला, मेणाचे सात हात दिले. मधोमध प्लायची भिंत उभी करून आधी डाव्या बाजूचा साचा उतरवला, मग उजव्या बाजूचा आणि शेवटी बुडाचा. साचा फायबरग्लासचा. तो बाहेरून ओबडधोबड असला तरी चालतो, आतून मात्र आरशासारखा हवा. एवढ्यात पावसाळा सरला.

मग साच्यात कापडाचे थर. प्रत्येक थराची वीण आधीच्याला तिरकी, म्हणजे ताकद सगळ्या दिशांना मिळते. मध्ये एक थर केव्हलारचा, कारण कार्बन ताठ असतं, पण जोराचा आघात झाला तर तडकतं. पोलादासारखं पोचून थांबत नाही. गाडी पडली तरी टाकीचे तुकडे होऊ नयेत, यासाठी तो पिवळा थर. वरून प्लास्टिकची पिशवी चिकटवून पंपाने हवा काढली की बाहेरची हवाच थरांना दाबून धरते आणि जास्तीचं रेझिन निघून जातं.

डिसेंबरात टाकी तयार झाली. पोलादी टाकी साडेचार किलोच्या आसपास होती, ही दोन किलोच्या आत. पॉलिश केल्यावर अशी दिसायची की मोहल्ल्यातली पोरं हात लावायला रांगेने येत. आम्ही त्याच दिवशी गाडीवर चढवायला निघालो होतो.

अब्बांनी अडवलं. "सतारमेकर भोपळा आणतो आणि लगेच तार चढवतो का?" मिरजेत वाढलेल्या माणसाला याचं उत्तर ठाऊक असतं. सतारीचा भोपळा महिनोन्‌महिने सुकवतात, मगच त्याला हात लावतात. "पेट्रोल भरा आणि ठेवून द्या. घरात नको, गॅरेजात नको. मागच्या मोकळ्या शेडमध्ये. दोन महिने."

एकोणिसाव्या दिवशी बुडाजवळ नख दाबलं तर नखाची खूण उमटली. पेट्रोल काढलं तर ते चहासारखं पिवळं पडलेलं. टाकी धुऊन, सुकवून उभी कापली तेव्हा आतला थर भिजलेल्या पापडासारखा सुटत होता. बाहेरून मात्र अजून आरसा!

चूक कापडाची नव्हती. आम्ही साधं एपॉक्सी वापरलं होतं आणि ते हिवाळ्याच्या गारठ्यात घट्ट होऊ दिलं होतं. अशा रेझिनची आतली जाळी पुरती विणली जात नाही. वरून कडक लागतं, पण इथेनॉलचे बारीक रेणू त्या जाळीत शिरतात आणि तिला फुगवतात, मऊ करतात. १९७० च्या दशकातल्या काही इटालियन गाड्यांना कारखान्यातूनच फायबरग्लासच्या टाक्या होत्या. आजच्या पेट्रोलमध्ये त्याही फुगतात.

अब्बांनी त्या दिवशी एकच वाक्य म्हटलं. "दोन महिने थांबलो नसतो, तर पोर वर बसली असती."

लोणच्याच्या बरण्या

दुसऱ्या वेळी आम्ही टाकीपासून सुरुवात केली नाही, बरण्यांपासून केली. अम्मीच्या जुन्या काचेच्या बरण्या मागून घेतल्या. त्या परत स्वयंपाकघरात येणार नाहीत, हे कबूल करूनच तिने दिल्या. वेगवेगळ्या रेझिनच्या बोटभर पट्ट्या बनवल्या, प्रत्येकीचं वजन सोनाराच्या काट्यावर केलं आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये बुडवून शेडमध्ये ठेवल्या. दर जुम्म्याला वजन आणि नखाची परीक्षा. जी पट्टी वजनाने वाढत गेली तिने पेट्रोल प्यायलं, ती बाद.

तीन महिन्यांनी नोव्होलॅक जातीच्या एपॉक्सीची पट्टी सर्वांत बरी ठरली. रसायनांच्या टाक्यांना आतून हेच रेझिन लावतात. पण त्याला भट्टी लागते. पत्र्याची पेटी, भोवती ग्लासवूल, आत हीटर आणि थर्मामीटर अशी भट्टी आम्ही केली. पुरवठादाराच्या तक्त्याप्रमाणे साच्यासकट तापमान हळूहळू ८० अंशांपर्यंत नेलं, तासन्‌तास धरलं आणि तितक्याच हळू उतरवलं.

झाकणाची मान आणि पेट्रोल कॉकची बैठक कोल्हापूरच्या उद्यमनगरात अॅल्युमिनियमची कातून घेतली. अॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना थेट टेकले आणि ओल लागली की बॅटरीसारखी क्रिया होऊन अॅल्युमिनियम खाल्लं जातं. म्हणून दोघांमध्ये काचेच्या कापडाचा एक थर घातला. त्या थरामुळे मान विजेच्या दृष्टीने वेगळी पडते. पेट्रोल भरताना तिच्यावर स्थिर वीज साठून ठिणगी पडू नये, यासाठी मानेपासून चासीपर्यंत अर्थिंगची तार जोडली.

मग गळतीची परीक्षा. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी टाकीला जोडली, त्यात पाणी भरलं आणि हातपंपाने हवा सोडली. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत मीटरभर फरक पडला की थांबायचं. याहून जास्त नाही. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला अवघा शंभर ग्रॅम, पण टाकीच्या एका बाजूवर मिळून शंभर किलोहून अधिक भार होतो. साबणाचं पाणी लावलं तेव्हा कॉकजवळ एक बुडबुडा आला. खरवडलं, पुन्हा थर दिला, पुन्हा भट्टी, पुन्हा नळी. बुडबुडा थांबला. त्यानंतर पुन्हा शेडमध्ये दोन महिने, पेट्रोल भरून.

करणाऱ्यांसाठी चार शब्द

घासताना कार्बनची धूळ उडते. ती छातीत जाऊ देऊ नये आणि ती वीज वाहते म्हणून उघड्या स्विचजवळ उडू देऊ नये. आम्ही ओलं घासायचो, मास्क लावून. आमचे कपडे लेकरांच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत, हा अम्मीचा हुकूम होता आणि तो बरोबर होता. एपॉक्सी उघड्या हाताला लागत राहिलं तर कातडीला कायमची अॅलर्जी जडू शकते, तेव्हा हातमोजे हवेतच. भांड्यात खूप रेझिन एकदम कालवलं तर ते आपोआप तापून धुरावतं, म्हणून थोडं थोडं कालवावं.

खर्चाचंही खरं सांगतो. चांगली पोलादी टाकी मिळत असेल तर तीच घ्या, ती स्वस्त पडेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आर.टी.ओ.त आणि विमावाल्याला विचारून घ्या. आणि ही टाकी दर महिन्याला उतरवून, टॉर्च लावून आतून बघायची असते. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

बकरी ईदला टाकी गाडीवर चढली. पहिली फेरी अब्बांनी एकट्याने मारली, आम्हालाही मागे बसू दिलं नाही. परत आले, कॉकजवळ बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मान हलवली. पोर पळत आली आणि सवयीने टाकीकडे हात वर केले. अब्बांनी तिला उचललं आणि मागच्या सीटवर, अम्मी आणि स्वतःच्या मध्ये बसवलं. "टाकीवर आता कुणी बसायचं नाही. ही असो की पोलादी."

पहिली टाकी आम्ही फेकली नाही. उभी कापलेली ती टाकी गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली आहे, एक बाजू चकाकणारी, दुसरी पापुद्रे सुटलेली. काळी टाकी बनवून द्या म्हणत कुणी आलं की आधी आम्ही त्याला तिच्यापुढे उभं करतो आणि कापलेल्या बाजूवर नख दाबून बघायला सांगतो.