ट्रकशेजारची दुचाकी

पुणे-नगर रस्त्यावर सुप्यापाशी औद्योगिक वसाहतीतले मालट्रक सतत ये-जा करतात. अशा ट्रकला लागून एखादी दुचाकी चालली असेल, तर मागून येणाऱ्या मोटारीच्या रडारला ती दिसलीच पाहिजे. चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २०२१ साली असं रडार आलं. ट्रक कुठलंही रडार ओळखेल; रडारची चिप बनवणाऱ्याची खरी परीक्षा घेते ती दुचाकी.

चिपमधला ऑसिलेटर ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर तयार करतो आणि तिची वारंवारता चढवत नेतो. समजा, ५० मायक्रोसेकंदांत १ गिगाहर्ट्झने. ५० मीटरवर आपटून परतायला लहरीला एक-तृतीयांश मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्या वेळात ऑसिलेटर आणखी वर गेलेला असतो. मिक्सर या दोन वारंवारतांमधला फरक काढतो. इथे तो सुमारे ६.७ मेगाहर्ट्झ येतो; अंतर दुप्पट झालं की फरकही दुप्पट. वेग कळतो तो लागोपाठच्या चढणींमध्ये फेज किती फिरली यावरून. तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर, त्यामुळे वाहन अर्धा मिलिमीटर सरकलं तरी फेज पाव फेरा फिरते. हे मोजमाप मला फार देखणं वाटतं.

अडचण वेगळीच आहे. कुठलाही ऑसिलेटर किंचित थरथरतो. त्या थरथरीमुळे ट्रकचा दांडगा प्रतिध्वनी शेजारच्या वारंवारतांवर पसरतो आणि दुचाकीचा क्षीण प्रतिध्वनी नेमका तिथेच असतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की परतणारी शक्ती सोळाव्या हिश्श्यावर येते. थरथर कमी करायची तर ऑसिलेटरला जास्त विद्युतप्रवाह द्यावा लागतो. त्याने चिप तापते, आणि तापलेल्या चिपमधल्या पहिल्याच अ‍ॅम्प्लिफायरचा गोंगाट वाढतो. एक मदत मात्र आयती मिळते: पाठवलेली आणि तुलनेची लहर एकाच ऑसिलेटरची, म्हणून जवळच्या वस्तूंसाठी बरीचशी थरथर वजाबाकीत निघून जाते.

मग येते आखणी. चिपवरच्या काचेसारख्या थरात या लहरीची लांबी साधारण २ मिलिमीटर उरते. तिथे धातूची अर्ध्या मिलिमीटरची पट्टीसुद्धा नुसती जोडतार राहत नाही, मंडलाचा घटक बनते. प्रत्येक वळणाचं विद्युतचुंबकीय गणित करायचं, आखणी बदलायची, पुन्हा गणित. पाठवणाऱ्या बाजूची लहर चिपमधूनच ग्रहण करणाऱ्या बाजूकडे झिरपते, तिचीही वाट अडवून ठेवायची.

१ गिगाहर्ट्झच्या चढणीत १५ सेंटिमीटर मागेपुढे असलेल्या वस्तू वेगळ्या ओळखता येतात, ४ गिगाहर्ट्झमध्ये चारेक सेंटिमीटरवरच्या. पण एवढी लांब चढण अगदी सरळ ठेवणं महाकठीण. ती मध्येच वाकली, तर ट्रकचा प्रतिध्वनी पुन्हा पसरतो.