काळाचौकीचे बारा किती वाजता वाजतात?

'मध्यान्ही सूर्य डोक्यावर येतो आणि सावली सर्वांत लहान होते,' हे वाक्य आपण प्राथमिक वर्गापासून शिकवत आलो आहोत. मध्यान्ह म्हणजे दुपारचे बारा, हेही आपण त्याला नकळत जोडून देतो. आता हे वाक्य घेऊन काळाचौकीच्या शहीद भगतसिंग मैदानात जाऊ या. दिवस १५ एप्रिलचा, हातात एक मीटर लांबीची सरळ काठी आणि मनगटावर आकाशवाणीच्या वेळेशी जुळवलेले घड्याळ. काठी उभी रोवली आणि बरोबर १२ वाजता सावली मोजली, तर ती सुमारे २३ सेंटिमीटर भरेल. पण ही सर्वांत लहान सावली नव्हे. ती पश्चिमेकडे कललेली असेल आणि अजून आखडतच असेल. सव्वाबारा होतील, साडेबारा होतील. १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास ती १६ सेंटिमीटरवर येऊन नेमकी उत्तरेकडे वळेल आणि मग पुन्हा वाढू लागेल.

म्हणजे काळाचौकीचे खरे बारा घड्याळात १२ वाजून ३८ मिनिटांनी वाजतात. घड्याळ चुकीचे नाही आणि सूर्यही उशिरा आलेला नाही. या ३८-३९ मिनिटांपायी मुंबई शहर जवळजवळ सत्तर वर्षे भांडत होते, आणि एकदा तर याच गिरणगावात दगडफेक झाली, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आधी हिशेब पाहू. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ ठरली आहे ती ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्तावरून. ते उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून जाते. काळाचौकीचे रेखांश सुमारे ७२.८४. फरक ९.६६ अंशांचा. त्याला चारने गुणले की साडेअडतीस मिनिटांहून किंचित अधिक भरतात. इतक्या वेळाने मिर्झापूरचा मध्यान्ह काळाचौकीला पोहोचतो. जुन्या मापात सांगायचे तर सुमारे १ घटका ३७ पळे.

हाच हिशेब विद्यार्थ्यांना आपापल्या गावासाठी करायला द्यावा. नागपूरचे रेखांश ७९.०९, म्हणून तिथला मध्यान्ह सरासरीने १२ वाजून १४ मिनिटांनी. शालान्त परीक्षेचा पेपर दोन्हीकडे ११ वाजताच सुरू होतो, पण नागपूरच्या मुलांचा सूर्य मुंबईच्या मुलांच्या सूर्यापेक्षा २५ मिनिटे पुढे असतो. काळाचौकी आणि ठाणे यांच्यातही अर्ध्या मिनिटाचे अंतर पडते. कुलाबा आणि काळाचौकी यांच्यात सहासात सेकंदांचे!

घड्याळे महाग आणि प्रवास बैलगाडीचा होता, तोवर या फरकांचे कुणालाच सोयरसुतक नव्हते. ज्या गावचा सूर्य त्या गावची वेळ. मुंबईत ही वेळ ठेवण्याचे काम कुलाब्याची वेधशाळा करी. ती १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने उभारली. बंदरात येणाऱ्या जहाजांना समुद्रात रेखांश काढण्यासाठी अचूक घड्याळ लागे, आणि ते घड्याळ पारखून घेण्यासाठी बंदराला अचूक वेळ लागे. गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनी आपल्या नोकरीची सुरुवात याच वेधशाळेत केली. (पुढे तिथे चुंबकीय मापने होऊ लागली. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या विद्युत्प्रवाहाने सूक्ष्म मापने बिघडणार, म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवली गेली. आजही ती तिथेच आहे. सहलीला जाताना हे मुलांना जरूर सांगावे.) कुलाब्याच्या सूर्यावरून ठरलेली ही वेळ ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. तिलाच 'बॉम्बे टाइम' म्हणत.

गोंधळ सुरू झाला तो आगगाडीने. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तेव्हा प्रश्न नव्हता. पण लोहमार्ग जोडले जाऊन मुंबईची गाडी कलकत्त्यापर्यंत जाऊ लागली, तेव्हा वेळापत्रक कोणत्या गावच्या घड्याळाने छापायचे? रेल्वेने मद्रासची वेळ निवडली. मद्रास या दोन शहरांच्या रेखांशांच्या मध्ये होते आणि तिथे जुनी वेधशाळाही होती. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. परिणाम असा, की शहरातल्या घड्याळात दहा वाजले की स्थानकातल्या घड्याळात साडेदहा. नवख्या प्रवाशाने गाडी चुकवावी यात नवल ते काय!

१८८१ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी यावर उपाय काढला. (पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय यांच्याच नावाचे.) सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ पाळावी असा हुकूम त्यांनी काढला. शहराने तो मनावर घेतला नाही. व्यापारी, वृत्तपत्रे, विद्यापीठाचे सभासद सगळे विरोधात गेले. राजाबाई मनोऱ्याच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी हाही वादाचा मुद्दा झाला, कारण निम्मे शहर आपली घड्याळे त्याच्यावरून लावी. १८८३ मध्ये सरकारने माघार घेतली.

दुसरा प्रयत्न अधिक जोरदार होता. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली एकच प्रमाणवेळ लागू झाली. शास्त्रीय दृष्टीने ही निवड उत्तम होती. जगभर ग्रिनिचपासून पूर्ण किंवा अर्ध्या तासांच्या टप्प्यांनी वेळा ठरत होत्या, आणि ८२.५ अंशांचे रेखावृत्त देशाच्या साधारण मध्यातून जाते. मात्र काळ अनुकूल नव्हता. जेमतेम अडीच महिन्यांपूर्वी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, बंगालची फाळणी अमलात आली होती. सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक फर्मानाकडे लोक संशयाने पाहत होते. त्यातून हे फर्मान तर घराघरातल्या भिंतीवर हात घालणारे.

त्याचा सर्वांत थेट चटका बसला तो गिरणी कामगाराला. कसा, ते आकडे मांडूनच कळते. ५ जानेवारीला मुंबईत सूर्य उगवतो तो आजच्या प्रमाणवेळेनुसार सुमारे ७ वाजून १२ मिनिटांनी. मुंबईच्या जुन्या वेळेनुसार तेव्हा ६ वाजून ३३ मिनिटे होत. समजा एखाद्या गिरणीचे दार सकाळी सहाला उघडत असे. जुन्या घड्याळाप्रमाणे सहा वाजता पूर्वेला फटफटू लागलेले असे. नव्या घड्याळात सहा वाजत तेव्हा जुन्या घड्याळात ५ वाजून २१ मिनिटेच झालेली असत, सूर्योदयाला ७२ मिनिटे बाकी आणि बाहेर मिट्ट काळोख. चाळीतल्या बाईला उठून चूल पेटवायची, नळावर रांग लावायची, डबा करायचा, तर तिची पहाट आणखी मागे सरकली. थंडीचे दिवस. आणि कामगाराच्या खोलीत घड्याळ नव्हतेच. त्याचे घड्याळ म्हणजे सूर्य आणि गिरणीचा भोंगा. इतकी वर्षे एकमेकांच्या मेळाने चाललेल्या या दोन घड्याळांची एका रात्रीत फारकत झाली.

कुणी म्हणेल, सकाळी ३९ मिनिटे लवकर आत गेले तर संध्याकाळी ३९ मिनिटे लवकर सुटणारच की! गणित बरोबर आहे. पण गणितामागचा विश्वास उडालेला होता. पूर्वी गिरण्या उजेडाच्या हिशेबाने चालत. सूर्य मावळला की काम थांबे, कारण पुढे सूतच दिसत नसे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि हा नैसर्गिक लगाम सुटला. काही गिरण्या दिवसाचे चौदापंधरा तास चालू लागल्या. १९०५ साली याच कारणाने कामगारांत असंतोष उसळला होता. प्रौढ पुरुष कामगारांचा दिवस बारा तासांपर्यंत मर्यादित करणारा कायदा १९११ साली झाला. १९०६ मध्ये तसली काही ढाल नव्हती. अशा वेळी मालकाने घड्याळाचा काटा पुढे ढकलला, तर कामगाराने काय समजावे?

१९०६ च्या जानेवारीत, नवी वेळ लागू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, काही हजार गिरणी कामगारांनी कामावर जायचे नाकारले आणि गिरण्यांवर दगड फेकले. घड्याळाच्या काट्यांवरून झालेला हा संप जगाच्या कामगार इतिहासातही वेगळा म्हणावा लागेल. अडाणी लोकांनी विज्ञानाला केलेला विरोध, अशी त्याची संभावना करणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पृथ्वी फिरते किती वेगाने, हा विज्ञानाचा प्रश्न. कामाला किती वाजता लागायचे, हा माणसांनी आपापसात ठरवायचा प्रश्न. कामगारांचे भांडण दुसऱ्या प्रश्नावर होते.

शहरातही सभा झाल्या, अर्ज गेले. महापालिकेने प्रथम नवी वेळ स्वीकारली आणि त्याच वर्षी पुन्हा जुनीकडे वळली. मग जे सुरू झाले ते जवळजवळ अर्धशतक चालले. रेल्वे, तारखाते, सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर, तर महापालिकेची घड्याळे मुंबईच्या वेळेवर. निमंत्रण देताना 'स्टँडर्ड' की 'बॉम्बे' हे स्पष्ट करणे भाग पडे. स्वातंत्र्य आले तरी हा दुहेरी संसार लगेच मोडला नाही. १९५० च्या दशकात तो संपला.

त्यातच दुसऱ्या महायुद्धाने भर घातली. सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देशभर घड्याळे एक तास पुढे होती. तेव्हा मुंबईची वेळ आणि सरकारी वेळ यांत १ तास ३९ मिनिटांचे अंतर पडले. भरमध्यान्ही सरकारी घड्याळात पावणेदोन होत आलेले! त्या वर्षांत मुंबईत जन्मलेल्यांच्या जुन्या टिपणांवर जन्मवेळ वाचताना ती तीनपैकी कोणत्या घड्याळाची आहे हे आधी ठरवावे लागते.

मुंबईची वेळ पूर्णपणे गेली असेही नाही. पारशी लोक दिवसाचे पाच 'गेह' मानतात आणि प्रत्येक गेहाच्या प्रार्थना वेगळ्या असतात. सकाळचा हावन गेह संपून दुपारचा रपिथ्विन गेह सुरू होतो तो मध्यान्हाला. मुंबईतील पारशी आजही ही वेळ १२ वाजून ३९-४० मिनिटे अशी पाळतात. बॉम्बे टाइमचे बाराच ते! देशाच्या दुसऱ्या टोकाला आसामच्या चहामळ्यांत उलटा प्रकार आहे. तिथे सूर्य लवकर उगवतो, म्हणून मळ्यांची घड्याळे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे ठेवण्याची प्रथा आहे. तिला 'बागान टाइम' म्हणतात.

आता प्रयोगाकडे परत येऊ. वर्गाला काळाचौकीचा, किंवा आपल्या गावचा, मध्यान्ह शोधायला सांगा. क्षण नेमका पकडणे अवघड असते, कारण त्या सुमारास सावलीची लांबी फारशी बदलत नाही. म्हणून जुनी युक्ती वापरावी. काठीभोवती खडूने एक वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला बाहेरून स्पर्श करते ती वेळ लिहावी, दुपारी ते पुन्हा वर्तुळाबाहेर पडते ती वेळ लिहावी. दोन्हींची सरासरी म्हणजे मध्यान्ह. त्या दोन खुणांमधला कोन दुभागला की उत्तर दिशाही मिळते.

उत्तर दर वेळी १२.३८ येणार नाही. मुलांचे चुकले असे लगेच म्हणू नका. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळासारखा एकसमान चालत नाही. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास तो घड्याळाशी जुळतो आणि काळाचौकीत १२.३८ हे उत्तर येते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते १२.५३ पर्यंत लांबते, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात १२.२२ पर्यंत अलीकडे येते. मेच्या मध्याला १२.३५ च्या सुमारास तर काठीला सावलीच उरत नाही, कारण त्या दिवशी सूर्य खरोखरच मुंबईच्या डोक्यावर असतो. जुलैच्या अखेरीस पुन्हा तसेच घडते, पण तेव्हा आकाशात ढग असतात. नोंदी जूनपासून ठेवायच्या असतील तर पावसाचे महिने रिकामे जातील, हे वहीत रकाने आखतानाच मुलांना सांगून ठेवावे.